१ कोटी ९७ लाख मतं, आणि पदरात शून्य

ऑक्टोबर १९९२. अमेरिकेतल्या टीव्हीवर अर्ध्या तासाचा एक कार्यक्रम लागला. गाणं नाही, मुलाखत नाही, चकचकीत जाहिरात नाही. टेक्सासचे एक बुटके, मोठ्या कानांचे अब्जाधीश टेबलामागे बसलेत, हातात छडी, आणि एकामागून एक तक्ते दाखवत देशाच्या डोक्यावर किती कर्ज झालंय ते सांगतायत. गणिताच्या मास्तरांनी घेतलेला जादा तासच म्हणा ना. ही वेळ त्यांनी स्वतःच्या पैशाने विकत घेतली होती. गंमत म्हणजे दीड कोटीहून जास्त लोकांनी हा तास बसून पाहिला.

हे रॉस पेरो. अपक्ष म्हणून राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते. म्हणणं साधं होतं : डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन दोघंही देशाचा हिशेब नीट ठेवत नाहीत, मला ठेवू द्या. त्या वर्षीच्या जूनमध्ये ते जनमत चाचण्यांत बुश आणि क्लिंटन या दोघांच्याही पुढे होते. जुलैत अचानक रिंगणातून बाहेर पडले, १ ऑक्टोबरला परत आले. एवढा घोळ घालूनसुद्धा त्यांना १८.९ टक्के मतं पडली. १ कोटी ९७ लाख मतं. म्हणजे पाचातल्या जवळजवळ एका मतदाराने दोन्ही मोठ्या पक्षांना बाजूला सारून त्यांच्यापुढे खूण केली.

आणि हाती काय लागलं? राष्ट्राध्यक्ष ज्या ५३८ मतांवर ठरतो, त्यातलं एकसुद्धा नाही.

अमेरिकेत तिसरा पक्ष, त्यातही मध्यममार्गी पक्ष, उभा राहू शकेल का, हा प्रश्न दर चार वर्षांनी वर येतो. माझा एक मावसभाऊ पंचवीस वर्षं न्यू जर्सीत आहे. दर निवडणुकीला फोनवर त्याचं एक वाक्य ठरलेलं असतं : "दोघंही नकोत रे, पण करणार काय?" आणि शेवटी दोघांतल्या एकाला मत देऊन येतो. त्याच्यासारखे कोट्यवधी आहेत. गॅलप ही संस्था वर्षानुवर्षं लोकांना विचारते की तुम्ही स्वतःला कोणत्या पक्षाचे मानता. २०२४ मध्ये ४३ टक्के लोक म्हणाले, कुठल्याच नाही. २०२३ मध्ये ६३ टक्के म्हणाले की दोन पक्ष पुरे पडत नाहीत, तिसरा हवा. गिऱ्हाईक एवढं आणि दुकान कुणी चालवू शकत नाही, हे कोडं काय आहे?

सुरुवात मतमोजणीपासून करू, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष देशभरातली मतं एकत्र मोजून ठरत नाही. प्रत्येक राज्याला लोकसंख्येच्या अंदाजाने काही इलेक्टोरल मतं दिलेली असतात. मेन आणि नेब्रास्का सोडले तर बाकी ४८ राज्यांत पहिला आला त्याला त्या राज्याची सगळीच्या सगळी मतं मिळतात. दुसऱ्याला काही नाही, तिसऱ्याला तर नाहीच. अशा ५३८ पैकी २७० जमवली की व्हाइट हाऊस.

या पद्धतीत मतं किती पडली यापेक्षा ती कुठे पडली हे जास्त महत्त्वाचं ठरतं. १९४८ची निवडणूक बघा. त्या वर्षी दोन बंडखोर उभे होते. दक्षिणेतले वर्णभेदाचे पाठीराखे स्ट्रॉम थरमंड आणि डावीकडचे हेन्री वॉलेस. दोघांनाही साधारण सारखीच, २.४ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. थरमंड यांची मतं दक्षिणेत एकवटलेली होती, त्यांनी चार राज्यं जिंकली आणि ३९ इलेक्टोरल मतं नेली. वॉलेस यांची मतं देशभर पसरलेली होती. त्यांना शून्य. पुढे १९६८ मध्ये दुसऱ्या एका वॉलेसने, अलाबामाच्या जॉर्ज वॉलेसने, तोच दक्षिणी राग पेटवून १३.५ टक्के मतांवर पाच राज्यं मारली. पेरोंना त्यांच्यापेक्षा जास्त मतं होती, पण ती भाकरीवर तूप पसरावं तशी सगळीकडे सारखी पसरलेली. मेन राज्यात ते दुसरे आले, चक्क थोरल्या बुशच्या पुढे, तीनशेच्या आसपास मतांनी. बुश यांचं उन्हाळ्यातलं घर त्याच राज्यात. पण दुसऱ्या नंबरला कोण विचारतो.

मध्यममार्गी माणसाची पहिली अडचण ही आहे. कडवट, चिडलेला, एका भागापुरता प्रश्न असला की मतं एका ठिकाणी गोळा होतात. 'सगळ्यांनी जरा समजुतीने घ्या' म्हणणारा मतदार मात्र प्रत्येक राज्यात थोडा थोडा असतो आणि कुठेच बहुसंख्य नसतो.

समजा, एखाद्या तिसऱ्या उमेदवाराने चार-पाच राज्यं जिंकली आणि कुणालाच २७० मिळाली नाहीत. मग तरी त्याला सौदा करता येईल? इथे राज्यघटनेने आणखी एक खोडा घालून ठेवलाय. अशा वेळी निवड प्रतिनिधिगृह (अमेरिकी संसदेचं खालचं सभागृह) करतं, आणि तीही राज्यागणिक एक मत या हिशेबाने. जवळजवळ चार कोटी वस्तीच्या कॅलिफोर्नियाला एक मत आणि सहा लाखांच्या आत-बाहेर असलेल्या वायोमिंगलाही एकच. २६ राज्यं ज्याच्या बाजूने तो राष्ट्राध्यक्ष. हा प्रसंग १८२४ मध्ये खरंच आला होता. सर्वांत जास्त मतं अँड्र्यू जॅक्सन यांना होती, गृहाने निवडलं जॉन क्विन्सी ॲडम्स यांना. आजच्या प्रतिनिधिगृहात जवळजवळ सगळे सदस्य दोन पक्षांचेच आहेत. ते तिसऱ्याला कशाला निवडतील? न्यूयॉर्कचे माजी महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०१६ मध्ये अपक्ष लढायचा विचार केला, माणसं लावून आकडेमोड केली आणि बरोबर याच कारणाने नाद सोडला.

मतदारही हे सगळं, कायद्याची कलमं न वाचताच, ओळखून असतो. आपल्याकडे निवडणुकीत एक शब्द सर्रास वापरला जातो : मतं खाणारा उमेदवार. स्वतः येणार नाही, पण कुणाला तरी पाडणार. अमेरिकेत या भीतीला २०००चा फ्लोरिडा चिकटलाय. धाकटे बुश तिथे ५३७ मतांनी जिंकले आणि त्या जोरावर राष्ट्राध्यक्ष झाले. ग्रीन पक्षाच्या राल्फ नाडर यांना त्याच राज्यात ९७ हजारांवर मतं होती. नाडर उभे नसते तर ती सगळी मतं डेमोक्रॅट उमेदवार अल गोर यांना गेली असती असं नाही, पण ५३७ भरून निघायला कितीशी लागणार होती? तेव्हापासून तिसऱ्याचं नाव निघालं की डेमोक्रॅट मंडळी फ्लोरिडाचं नाव घेतात, आणि मतदार शेवटच्या आठवड्यात कच खातो. १९८०च्या उन्हाळ्यात अपक्ष जॉन अँडरसन चाचण्यांत वीस टक्क्यांच्या वर होते, प्रत्यक्षात ६.६ वर आले. चाचणीत दिलेलं मत फुकट असतं, मतपेटीतलं नसतं.

इथवर वाचून एक शंका तुमच्या मनात आलीच असेल. सर्वाधिक मतं त्याचा विजय, ही पद्धत आपल्याकडेही आहे. मग आपल्याकडे पक्षांची ही भाऊगर्दी कशी? मोरिस द्युव्हर्जे नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९५०च्या दशकात मांडलं होतं की अशी पद्धत असली की लढत हळूहळू दोघांत येते. त्याचं म्हणणं अगदीच चुकलेलं नाही. फक्त ते मतदारसंघापुरतं खरं आहे. कोल्हापुरातले दोन आणि नागपुरातले दोन वेगळे असू शकतात. राज्यागणिक जोडी बदलते, आणि बेरीज केली की दहा पक्ष दिसतात. दुसरी गोष्ट, आपल्याकडे मुख्यमंत्री विधानसभा निवडते. त्यामुळे २०१९ मध्ये २८८ च्या सभागृहात ५६ आमदारांच्या पक्षाचा नेता मुख्यमंत्री होऊ शकला. छोट्या पक्षालाही मोल येतं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपद एकट्याचं, त्यात वाटेकरी नाही. मोठ्या बक्षिसासाठी सगळ्यांना दोनपैकी एका छत्रीखाली यावंच लागतं, आणि एकदा वर ती छत्री उघडली की खाली जिल्हा पातळीपर्यंत तिचीच सावली.

आता जरा नाजूक भागाकडे येऊ. मध्यममार्गी म्हणजे नेमकं कोण? ते ४३ टक्के अपक्ष मतदार म्हणजे मधला कौल, असं वर्तमानपत्रं बिनधास्त लिहितात. पण त्याच लोकांना पुढचा प्रश्न विचारला की 'बरं, कल कुणाकडे?', तर बहुतेक जण मुकाट्याने एका पक्षाचं नाव घेतात आणि वर्षानुवर्षं त्यालाच मत देतात. खरोखर कुणाकडेच कल नसलेले दहाएक टक्के उरतात, आणि त्यांचा राजकारणातला रसही सहसा बेताचाच असतो.

शिवाय मधे उभे असलेले सगळे एकाच ठिकाणी उभे नसतात. न्यूयॉर्कच्या देणगीदाराला मध्यममार्ग म्हणजे कर कमी, सरकारी खर्चाला कात्री, व्यापार खुला आणि गर्भपात-समलिंगी विवाह अशा बाबतीत उदार धोरण, असं वाटतं. ओहायोतल्या बंद पडलेल्या कारखान्याजवळ राहणाऱ्या माणसाचा मध्यममार्ग नेमका उलटा असतो : पेन्शनला आणि सरकारी आरोग्यविम्याला हात लावू नका, कंपन्यांना आवरा, आणि सीमेवर जरा कडक राहा. मतदारांत दुसऱ्या जातीचे कितीतरी जास्त आहेत. पक्ष काढायला निघतात ते पहिल्या जातीचे, कारण पैसा त्यांच्याकडे. दोघांना एका पक्षात बसवलं तर पहिल्याच बैठकीत भांडण होईल.

म्हणूनच मध्यममार्गी प्रयोगांची कथा बऱ्याचदा एका विचित्र ठिकाणी अडते : सगळं तयार असतं, उमेदवारच मिळत नाही. २०१२ मध्ये 'अमेरिकन्स इलेक्ट' नावाच्या संघटनेने कोट्यवधी डॉलर ओतून दोन डझनांहून जास्त राज्यांत मतपत्रिकेवर जागा मिळवली. उमेदवार लोकांनी इंटरनेटवरून निवडायचा होता. किमान पाठिंब्याची अट एकानेही पुरी केली नाही, आणि मे महिन्यात दुकान बंद. २०२४ मध्ये 'नो लेबल्स' या संघटनेने तेच केलं. बायडेन-ट्रम्प या जोडीला कंटाळलेला देश, हाताशी पैसा, वीसएक राज्यांत जागा पक्की. मग विचारणा सुरू झाली. वेस्ट व्हर्जिनियाचे जो मँचिन नाही म्हणाले, मेरिलंडचे लॅरी हॉगन नाही म्हणाले, न्यू जर्सीचे ख्रिस क्रिस्टी नाही म्हणाले. एप्रिलमध्ये मांडव उतरवला. वरात दारात, वाजंत्री तयार आणि नवरदेव कुणी व्हायला तयार नाही, असा प्रकार. तयार होणार तरी कोण? पडणार हे नक्की, आणि पडताना कुणाला तरी पाडल्याचा ठपका जन्मभर कपाळी.

त्यात कायद्याचे अडसर आहेतच. प्रत्येक राज्याचा नियम निराळा. टेक्सासमध्ये अपक्षाला राष्ट्राध्यक्षपदासाठी मतपत्रिकेवर नाव आणायचं तर २०२४ मध्ये १ लाख १३ हजारांवर मतदारांच्या सह्या लागत होत्या. त्याही मार्चमधल्या प्राथमिक निवडणुकीनंतर (पक्षाचा उमेदवार मतदार ठरवतात ती फेरी) दहाएक आठवड्यांत, आणि त्या प्राथमिक निवडणुकीत ज्याने मत दिलं त्याची सही चालणार नाही. बहुतेक राज्यांत बंडखोरीलाही बंदी आहे. पक्षात तिकिटासाठी हरलात की त्याच पदाला अपक्ष म्हणून उभं राहायचं नाही. महाराष्ट्रात असा कायदा आला तर अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी बातमीदारांना काही कामच उरणार नाही. जिथे ही बंदी नाही तिथे काय होतं ते कनेटिकटने २००६ मध्ये दाखवलं. सिनेटर जो लीबरमन डेमोक्रॅट पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत हरले, अपक्ष लढले आणि आरामात जिंकले. पुढे 'नो लेबल्स'च्या प्रयत्नात पुढे होते ते हेच लीबरमन. मार्च २०२४ मध्ये ते वारले, त्यानंतर आठ दिवसांनी संघटनेने माघार जाहीर केली.

मात्र माझ्या मते या सगळ्याहून मोठं कारण वेगळंच आहे. अमेरिकेतले मोठे पक्ष आतून बंद नाहीत. आपल्याकडे तिकीट 'वरून' येतं. तिथे ते प्राथमिक निवडणुकीत सामान्य मतदार देतात. पक्षाध्यक्षाला कुणाचं नाव कापता येत नाही. म्हणजे घर बांधायची गरजच नाही, दुसऱ्याच्या घरात शिरून मालक होता येतं.

याचं आपल्या ओळखीचं उदाहरण श्री ठाणेदार. बेळगावात वाढलेला मराठी माणूस, रसायनशास्त्रज्ञ, उद्योजक. राजकारणाचा काही वारसा नाही. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत स्वतःच्या खिशातले लाखो डॉलर घालून उतरले आणि तिसरे आले. दोन वर्षांनी राज्याच्या विधिमंडळात गेले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या संसदीय जागेसाठी प्राथमिक फेरीत उमेदवारांची दाटी होती, त्यात २८ टक्क्यांच्या आसपास मतांवर ते पहिले आले. तो मतदारसंघ डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, त्यामुळे पुढची लढत नावापुरती. असा रस्ता उघडा असताना एखादा बाहेरचा माणूस नवा पक्ष काढायच्या भानगडीत का पडेल?

हे गणित सर्वांत आधी कुणाला उमगलं असेल तर डोनाल्ड ट्रम्प यांना. पेरोंनी १९९५ मध्ये रिफॉर्म पक्ष काढला होता. त्याची उमेदवारी मिळवायला ट्रम्प १९९९ मध्ये त्यात शिरले, आणि तिथली आपसातली मारामारी बघून फेब्रुवारी २००० मध्ये बाहेर पडले. उमेदवारी पॅट ब्यूकॅनन यांनी घेतली. सोबत सरकारी निवडणूक निधीचे १ कोटी २६ लाख डॉलर घेतले, आणि मतं मिळवली अर्धा टक्कासुद्धा नाही. सोळा वर्षांनी ट्रम्प यांनी तेच बाहेरच्या माणसाचं बंड रिपब्लिकन पक्षाच्या आत केलं आणि पक्षच ताब्यात घेतला. ब्लूमबर्गही २०२० मध्ये याच दाराने डेमोक्रॅट पक्षात गेले. शंभर कोटी डॉलरच्या वर खर्च करून एकच जागा जिंकली, ती प्रशांत महासागरातल्या अमेरिकन समोआची. दार उघडं आहे म्हणजे आत गेलेल्याला जेवायला वाढतात असं नाही. प्राथमिक फेरीला येणारा मतदार थोडा असतो आणि तापलेला असतो, त्याला मधलं बोलणं अळणी लागतं.

मग मध्यममार्गी मंडळींनी घरी बसावं का? नियम बदलायची एक वाट आहे. मेन राज्यात २०१० च्या गव्हर्नरच्या निवडणुकीत रिपब्लिकन पॉल लपाज ३७.६ टक्क्यांवर जिंकले. मध्यममार्गी अपक्ष एलियट कटलर ३५.९ टक्क्यांवर, आणि डेमोक्रॅट उमेदवार १९ टक्क्यांच्या आसपास. इथे मतं खाणारा तिसरा नव्हता, मोठा पक्षच होता! त्या चुटपुटीतून २०१६ मध्ये तिथल्या लोकांनी पसंतीक्रमाचं मतदान मंजूर केलं. आपल्या विधान परिषदेच्या निकालात 'पहिल्या पसंतीची मतं, दुसऱ्या पसंतीची मतं' ऐकतो, साधारण तसंच. खालचा उमेदवार बाद होतो, त्याची मतं दुसऱ्या पसंतीकडे वळतात. २०१८ मध्ये मेनच्या दुसऱ्या मतदारसंघात रिपब्लिकन ब्रूस पोलिक्विन पहिल्या मोजणीत पुढे होते. दोन अपक्ष बाद झाले, त्यांची मतं वाटली गेली आणि डेमोक्रॅट जेरेड गोल्डन जिंकले. मत वाया जायची भीती गेली हे खरं. पण नीट पाहा, जिंकला तो मोठ्या पक्षाचाच उमेदवार.

अलास्काने २०२२ पासून ही पद्धत आणि सर्वांची एकच प्राथमिक फेरी असं जोडून वापरलं. तिथे नवा पक्ष उगवला नाही, पण जुन्या पक्षांतल्या मवाळांना श्वास मिळाला. ट्रम्प यांचा रोष ओढवलेल्या रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्कोव्स्की टिकल्या, आणि राज्याच्या २० जणांच्या सिनेटमध्ये दोन्ही पक्षांच्या १७ जणांनी मिळून कारभार घेतला. बाकी ठिकाणी वारं फिरलंय. २०२४ मध्ये कोलोरॅडो, नेव्हाडा, ओरेगन, आयडाहो या राज्यांत असे प्रस्ताव मतदारांनीच पाडले.

दुसरी वाट मला जास्त खरी वाटते. अमेरिकेत कितीतरी राज्यं अशी आहेत जिथे दोनपैकी एक पक्ष मेल्यात जमा आहे. तिथे तिसऱ्याला तिसरं व्हायची गरज नाही, दुसऱ्याची रिकामी जागा घ्यायची. २०२२ मध्ये युटामध्ये सिनेटच्या जागेसाठी डेमोक्रॅटांनी उमेदवारच दिला नाही आणि अपक्ष एव्हन मॅकमलिन यांना पाठिंबा दिला. ते हरले, पण ४३ टक्क्यांच्या जवळ गेले. २०२४ मध्ये नेब्रास्कात, तीही सिनेटच्याच जागेसाठी, त्याहून पुढची गोष्ट घडली. डॅन ऑस्बॉर्न हे कारखान्यातले मेकॅनिक, ओमाहातल्या कॉर्नफ्लेक्ससारखे नाश्त्याचे पदार्थ बनवणाऱ्या कारखान्यात २०२१चा संप चालवलेले. डेमोक्रॅटांनी तिथेही उमेदवार दिला नाही, आणि ऑस्बॉर्न यांनी त्यांचा उघड पाठिंबाही नको म्हटलं. कामगारांची बाजू घ्यायची, बड्या कंपन्यांवर तुटून पडायचं आणि सीमेबाबत कडक बोलायचं, म्हणजे मघाशी सांगितलेला तो ओहायोवाला मध्यममार्ग. त्याच दिवशी त्याच राज्यात कमला हॅरिस यांना ३९ टक्के पडले, ऑस्बॉर्न यांना ४६ च्या वर.

जुलै २०२५ मध्ये दोन घोषणा झाल्या. इलॉन मस्क यांनी 'अमेरिका पार्टी' काढत असल्याचं जाहीर केलं. कल्पना अगदीच वेडी नव्हती : दोन-तीन सिनेटच्या आणि आठ-दहा प्रतिनिधिगृहाच्या जागा धरायच्या आणि काठावरच्या सभागृहात तराजूचा काटा आपल्या हाती ठेवायचा. जगभर मथळे झाले, आणि काही आठवड्यांत उत्साह विरला. दुसरी घोषणा ओमाहातून आली, तिची फारशी चर्चा झाली नाही. ऑस्बॉर्न २०२६ ला पुन्हा उभे राहतोय म्हणाले, अपक्षच, या वेळी सिनेटर पीट रिकेट्स यांच्याविरुद्ध. रिकेट्स घराणं अब्जाधीश आहे.